लिनक्सवर रेकॉर्डिंग लावलं की तानपुरा गप्प: कार्ड नक्की कोणी धरून ठेवलंय ते आधी बघा

आधी त्रास काय ते सांगतो, तुमचाही असाच असेल तर पुढे वाचा. यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक-हेडफोन लावायचं बाहेरचं साउंड कार्ड) लावलाय, ब्राउझरमधे तानपुरा चालू, काळी चार, हेडफोनात झकास ऐकू येतोय. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममधे लाल बटण दाबलं की एरर, साउंड डिव्हाइस उघडता येत नाही. मग ब्राउझर बंद करून आधी ऑडॅसिटी चालू केली तर रेकॉर्डिंग व्यवस्थित, पण आता तानपुरा मुका, व्हिडिओवर ते चक्र गोल गोल फिरत बसतं. म्हणजे जो आधी येईल त्याला कार्ड आणि दुसरा उपाशी. आणि कधीकधी काहीही न बदलता दोन्ही एकदम चालतात! हे सगळ्यात वाईट, कारण आपल्याला वाटतं झालं नीट, आणि अर्धा तास रेकॉर्ड करून ऐकलं की कळतं आवाज इंटरफेसच्या माइकमधून आलेलाच नाही, लॅपटॉपच्या माइकमधून आलाय आणि गाण्यापेक्षा फॅनच जास्त ऐकू येतोय.

माझी मावशी सत्तरीची, मिरजेला असते, भजनं म्हणते. तिच्या काही चाली कुठे लिहिलेल्या नाहीत म्हणून मी दिवाळीत आणि मे महिन्यात लॅपटॉप घेऊन जातो. घरात खरा तानपुरा आहे पण त्याची जवारी काढून आणायची दोन वर्षं राहिलीये, सतारमेकर गल्लीपासून दहा मिनिटांवर राहून आम्ही तानपुरा यूट्यूबवर लावतो, असो. तर हेडफोनमधे सूर आणि समोर रेकॉर्डिंग, दोन्ही एकाच कार्डावर एकाच वेळी, एवढीच माझी मागणी. मे महिन्यात ती डोळे मिटून बसलेली आणि मी टर्मिनल उघडून. "अरे झालं का? माझा सूर जातोय." म्हटलं मावशी दोन मिनिटं थांब, रीस्टार्ट करतो. "मागच्या दिवाळीतही दोनच मिनिटं म्हणाला होतास."

खरं होतं ते. दर वेळी मी काहीतरी करायचो, चालू व्हायचं, आणि सहा महिन्यांनी सिस्टिम अपग्रेड झाली की पुन्हा तेच. तीनदा तर आख्खी डिस्ट्रो, म्हणजे उबुंटू-फेडोरासारखं लिनक्सच, नव्याने टाकली, एकदा वेगळीच टाकली, तरी तेच, आणि इथेच खरं तर माझी ट्यूब पेटायला हवी होती.

कमांडा मी खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमधे अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टाकायच्या, अर्धं लिहून टॅब दाबलात तर उरलेलं बहुतेक वेळा तोच भरतो.

सगळ्यात आधी दहा मिनिटांची एक टेस्ट करा, मी ही शेवटी केली म्हणून चार वर्षं गेली. सेटिंगमधे जाऊन एक नवीन युजर बनवा, जुन्यातून पूर्ण लॉगआउट करा, नव्यातून लॉगइन करा आणि तोच प्रकार करून बघा, ब्राउझरमधे काहीतरी वाजवा आणि ऑडॅसिटीत रेकॉर्ड लावा. नव्या युजरला दोन्ही एकदम चाललं तर दोष कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) नाही, ड्रायव्हरचा नाही, पाइपवायरचा (सगळ्यांचा आवाज मिसळणाऱ्या सर्व्हरचा) नाही, डिस्ट्रोचा नाही. दोष तुमच्या होम फोल्डरमधे, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फाइली आणि सेटिंगच्या जागी आहे. डिस्ट्रो नवी टाकताना आपण सगळे शहाणे लोक होम पार्टिशन तसंच ठेवतो, त्यामुळे घर पाडून नवं बांधलं तरी अडगळीची ट्रंक तीच.

माझ्या ट्रंकेत काय निघालं? डॉट ए-साउंड-आर-सी नावाची चार ओळींची फाइल. डॉटने सुरू होणारी म्हणून फाइल मॅनेजरमधे दिसत नाही, कंट्रोल एच दाबलं की दिसते. तारीख बघितली तर २०१३, म्हणजे माझी मुलगी जन्मायच्या आधीची. तेव्हाच्या डेस्कटॉपवर आवाज एचडीएमआयमधून मॉनिटरला जायचा, ज्याला स्पीकरच नव्हते, आणि कुणीतरी सांगितलं होतं की या ओळी टाक, काम होईल. झालं होतं. त्या ओळींचा अर्थ इतकाच, की आल्सा (लिनक्समधला कार्डाशी बोलणारा थर) वापरणाऱ्या प्रोग्रॅमसाठी डीफॉल्ट म्हणजे कार्ड नंबर १, थेट, मधे कोणी नाही.

आता हे सगळं कसं जुळतं बघा. आजच्या डिस्ट्रोत सगळ्यांचा आवाज पाइपवायरकडे जातो, तो मिसळतो आणि एकटा कार्डाशी बोलतो. बहुतेक यूएसबी कार्डांना एका वेळी एकच जण आवाज देऊ शकतो, म्हणून मधे मिसळणारा कोणीतरी लागतोच. ब्राउझर पाइपवायरमार्फत जायचा, पण ऑडॅसिटी आल्साला "डीफॉल्ट दे" म्हणायची आणि माझी २०१३ ची फाइल तिला पाइपवायरला वळसा घालून थेट कार्डावर पाठवायची. पाइपवायरने कार्ड धरलेलं असलं की एरर. पण वाजणं थांबलं की साधारण ५ सेकंदांनी पाइपवायर कार्ड सोडून देतो, तेवढ्यात ऑडॅसिटी घुसली की मग ब्राउझर बाहेर. कधी चालायचं कधी नाही ते यामुळे, मी तानपुरा थांबवून किती वेळाने बटण दाबलं यावर सगळं अवलंबून!

आणि दोन्ही एकदम चालायचे तेव्हा? तेव्हा इंटरफेस मी लॅपटॉप चालू झाल्यावर जोडलेला असायचा. आधीपासून जोडलेला असला तर त्याला कार्ड नंबर १ मिळायचा, नंतर जोडला तर २, आणि १ म्हणजे लॅपटॉपचं स्वतःचं कार्ड. कार्डाचे नंबर पक्के नसतात, ज्याची ओळख आधी पटली त्याला आधीचा नंबर. बघायचे असतील तर "कॅट /प्रॉक/एसाउंड/कार्ड्स" करा, एकदा इंटरफेस लावून बूट करून आणि एकदा नंतर लावून, फरक दिसला तर नंबरावर अवलंबून असलेली कुठलीही जुनी सेटिंग तुम्हाला कधीतरी दगा देणार.

फाइलचं नाव बदललं, शेवटी "जुनी" लावलं, ऑडॅसिटी बंद करून उघडली. झालं. चार वर्षांचा त्रास, एक रिनेम.

आता हे कोणी धरलंय ते बघायचं कसं, कारण तुमच्याकडे कारण वेगळं असू शकतं. त्रास चालू असताना, म्हणजे एरर समोर दिसत असताना किंवा एक चालू आणि दुसरा मुका असताना, "फ्यूजर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*" चालवा. डेबियनसारख्यांवर ही कमांड नसेल तर पी-एस-मिस्क नावाच्या पॅकेजमधे येते. जी यादी येते तिच्यात कंट्रोल शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी सोडून द्या, तिथे वायरप्लंबर (पाइपवायरचा जोडीदार) आणि पाइपवायर कायम दिसणार, ते नॉर्मल आहे, लोक तेच बघून घाबरतात. बघायच्या त्या पीसीएमने सुरू होणाऱ्या ओळी. नाव असं असतं: पीसीएम सी१ डी० पी, म्हणजे कार्ड १, डिव्हाइस ०, प्लेबॅक. शेवटी पीऐवजी सी असेल तर कॅप्चर, म्हणजे माइकची बाजू. त्या ओळीसमोर पाइपवायर सोडून दुसरं कुठलंही नाव दिसलं, ऑडॅसिटी, आर्डर (मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम), जॅकडी किंवा पल्सऑडिओ (दुसरे साउंड सर्व्हर), तर तोच तुमचा चोर. माझ्याकडे ब्राउझर मुका असताना तिथे ऑडॅसिटी सरळ दिसत होती, प्लेबॅकलाही आणि कॅप्चरलाही. ही एक कमांड मी पहिल्या वर्षी चालवली असती तर मावशीचे तीन सीझन वाया गेले नसते.

दुसरं, "पी-ए-सी-टी-एल इन्फो". त्यात सर्व्हर नेम म्हणून ओळ असते. पाइपवायर नीट चालू असेल तर तिथे "पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर १.०.५)" असं काहीतरी दिसेल. नुसतंच पल्सऑडिओ दिसलं तर तुमच्याकडे जुना सर्व्हर चालू आहे, आणि पाइपवायरही शेजारी चालू असेल तर एका म्यानात दोन तलवारी. कनेक्शनच नाकारलं तर दोघंही ऐकायला बसलेले नाहीत.

इथे थोडं भांडणांबद्दल बोलतो कारण ही अडगळ त्या भांडणांतूनच आलेली असते. लिनक्सवर आवाजाचा विषय काढला की चार दिंड्या निघतात आणि प्रत्येकाचं म्हणणं, बाकीचं सगळं काढून टाक, आमचंच ठेव. गंमत म्हणजे प्रत्येक जण आपापल्या वर्षापुरता बरोबर असतो.

नव्वदच्या दशकात ओएसएस नावाची आवाजाची सोय होती, एका वेळी एकच प्रोग्रॅम कार्ड उघडणार, गाणं चालू असेल तर मेसेजची टिंग वाजणार नाही. १९९८ ला यारोस्लाव्ह किसेलाने आल्सा सुरू केलं, डिसेंबर २००३ च्या कर्नल २.६ पासून तेच मुख्य झालं. त्यात डीमिक्स नावाची आवाज मिसळायची सोय आली, पण तोवर केडीई डेस्कटॉपचा स्वतःचा आर्ट्स आणि ग्नोम डेस्कटॉपचा ई-साउंड, दोघं आपापल्या परीने कार्ड धरून बसलेले. मग २००४ मधे लेनार्ट पॉटरिंगने जे सुरू केलं ते पुढे पल्सऑडिओ झालं, नोव्हेंबर २००७ च्या फेडोरा ८ मधे आणि एप्रिल २००८ च्या उबुंटू ८.०४ मधे ते डीफॉल्ट आलं आणि जो काही गोंधळ झाला तो ज्यांनी तेव्हा वापरलंय त्यांना आठवत असेल. पल्स ड्रायव्हरच्या अशा कोपऱ्यांत हात घालायला लागलं जिथे आधी कोणी फारसं फिरकत नव्हतं, आणि ड्रायव्हरमधले जुने दोष वर आले. शिव्या मात्र पल्सने खाल्ल्या. "पल्सऑडिओ अनइन्स्टॉल करा, आल्सा थेट वापरा" हा सल्ला तेव्हाचा. २००८ ला तो अगदीच वेडा नव्हता. आज तो पाळला तर काय होतं ते वर सांगितलं. शिवाय मार्च २०१७ मधे फायरफॉक्स ५२ आलं आणि त्याने लिनक्सवर आल्साचा सपोर्ट डीफॉल्ट बिल्डमधून काढला, पल्स नसेल तर आवाज नाही, त्यावरही मोठी हाणामारी झाली होती. म्हणजे पल्स काढून बसलेल्यांचा ब्राउझर एका अपडेटमधे मुका झाला.

जॅकवाले वेगळेच. २००२ च्या सुमाराचं पॉल डेव्हिसचं काम, स्टुडिओसाठी, एका प्रोग्रॅमची तार दुसऱ्यात खुपसायची आणि उशीर अगदी कमी. त्यांच्या दृष्टीने डेस्कटॉपच्या टिंगटिंगला कार्डावर जागाच नाही. त्यांच्या कामापुरतं तेही खरं.

आणि मग पाइपवायर, विम टायमन्सचं, तोच ज्याने आधी जीस्ट्रीमर या मल्टिमीडिया लायब्ररीच्या सुरुवातीला काम केलं. सुरुवात व्हिडिओसाठी झाली, आवाज नंतर आला. पल्सचा, जॅकचा आणि आल्साचा, तिघांचाही मुखवटा हा एकटा घालतो, जुन्या प्रोग्रॅमला वाटतं आपण आपल्याच सर्व्हरशी बोलतोय. एप्रिल २०२१ ला फेडोरा ३४ मधे डीफॉल्ट, उबुंटूमधे २२.१० ला, मिंट २२ मधेही, आणि पाइपवायर १.० नोव्हेंबर २०२३ ला आलं. माझं मत विचाराल तर भांडण इथे संपलंय, पण सल्ले संपलेले नाहीत, ते सर्चमधे अजून वर येतात आणि त्यांच्यावर तारीख बघायची सवय आपल्याला नाही.

तर त्या प्रत्येक सल्ल्याने घरात काय काय टाकून ठेवलंय ते बघू. डिलीट करू नका, नाव बदला, चुकलं तर परत आणता येतं.

डॉट ए-साउंड-आर-सी झालंच. त्याचा मोठा भाऊ /ईटीसी मधे ए-साउंड डॉट कॉन्फ नावाने असू शकतो, हा होममधे नसतो म्हणून नव्या युजरच्या टेस्टमधे सापडत नाही, तिथेही बघा.

डॉट कॉन्फिगच्या आत पल्स नावाचा फोल्डर. त्यात क्लायंट डॉट कॉन्फ असेल आणि त्यात डीफॉल्ट सर्व्हर म्हणून काही लिहिलेलं असेल तर प्रोग्रॅम तो जुना पत्ता शोधत बसतात.

डॉट कॉन्फिग, सिस्टिमडी, युजर. हे बारकाईने बघा. २०२१-२२ मधे पाइपवायर नवीन होतं तेव्हा खूप जणांनी "पाइपवायरच्या सर्व्हिस मास्क करा" असं सांगितलं होतं, म्हणजे ती सर्व्हिस उठूच नये म्हणून कुलूप. मास्क केलं की या फोल्डरमधे त्या सर्व्हिसच्या नावाची लिंक तयार होते जी /डेव्ह/नल कडे बोट दाखवते, आणि ती होममधे असल्यामुळे डिस्ट्रो बदलली तरी कुलूप कायम. नव्या डिस्ट्रोत पल्स नाही, पाइपवायरला कुलूप, मग आवाजच नाही. एका मित्राच्या लॅपटॉपवर नेमकं हेच होतं, तो बिचारा साउंड कार्ड जळलं समजून नवीन यूएसबी डोंगल आणून बसलेला, आणि तो डोंगलही वाजत नव्हता म्हणून दुकानदाराशी भांडून आलेला. "सिस्टिम-सी-टी-एल --युजर अनमास्क" आणि पुढे तिन्ही नावं, पाइपवायर, पाइपवायर-पल्स, वायरप्लंबर, आणि सोबत पहिल्या दोघांची सॉकेट नावाची जोडीही असते ती. मग लॉगआउट-लॉगइन.

डॉट कॉन्फिग, पाइपवायर. सुरुवातीच्या काळात सांगायचे की सिस्टिमची आख्खी कॉन्फिग फाइल इथे कॉपी करा आणि तिच्यात बदल करा. ती कॉपी आजही पूर्ण सिस्टिमच्या फाइलला झाकून टाकते, म्हणजे पाइपवायर नवीन आणि सेटिंग २०२१ ची. आता तसं करायचं नसतं, पाइपवायर डॉट कॉन्फ डॉट डी नावाच्या फोल्डरमधे फक्त बदललेल्या दोन ओळींची छोटी फाइल ठेवायची.

वायरप्लंबरचं तर विचारूच नका. कार्ड आलं-गेलं, कुठलं डीफॉल्ट, हे ठरवणारा हा कारभारी. त्याच्या ०.४ पर्यंत सेटिंग लुआ भाषेत लिहायची, मार्च २०२४ च्या ०.५ पासून पद्धतच बदलली, आता डॉट कॉन्फ फाइली. जुन्या लुआ फाइलींकडे नवीन वायरप्लंबर बघतही नाही. उबुंटू २४.०४ वर अजून ०.४ आहे, डेबियन १३ वर ०.५, त्यामुळे एकाची सेटिंग दुसऱ्याला सांगून दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि तरी भांडतायत हे मी स्वतः बघितलंय, मीही त्यात होतो. आधी "वायरप्लंबर --व्हर्जन" करा आणि मग कुणाचंही ऐका.

शेवटचं, डॉट लोकल, स्टेट, वायरप्लंबर. इथे तो आपल्या आठवणी ठेवतो, कुठल्या प्रोग्रॅमचा आवाज किती, कुठे जायचा. एखादाच प्रोग्रॅम मुका आणि बाकी सगळं वाजतंय अशी केस असेल तर या फोल्डरचं नाव बदलून बघा, बऱ्याचदा त्याची आठवण म्यूटवर अडकलेली असते.

हे सगळं झाल्यावर "सिस्टिम-सी-टी-एल --युजर रीस्टार्ट" आणि ती तीन नावं. लॅपटॉप रीस्टार्ट करायची गरज नाही, मावशीसमोर तर अजिबात नाही.

एक राहिलं, कधीकधी घर स्वच्छ असतं पण आल्साला पाइपवायरकडे वळवणारं पॅकेजच नसतं. पाइपवायर-आल्सा नावाने शोधा. डेबियनवर पाइपवायर-ऑडिओ असं एकच पॅकेज टाकलं की बाकी लागणारे बरोबर येतात. मग ऑडॅसिटीत डिव्हाइसच्या यादीत "पाइपवायर" किंवा "डीफॉल्ट" निवडा. यादीत एचडब्ल्यू लिहिलेलं कार्डाचं नाव दिसतं ते निवडू नका, ते नाव बघून वाटतं हेच खरं, माझा इंटरफेस, पण ते निवडलं की पुन्हा थेट कार्ड आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. इंटरफेसच निवडायचा असेल तर पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल उघडा, पाइपवायरवरही तो चालतो, रेकॉर्डिंगच्या टॅबमधे ऑडॅसिटी दिसेल, तिथून माइक बदला. फक्त ती रेकॉर्डिंग चालू असतानाच दिसते, बंद असताना शोधत बसू नका.

पुढचा प्रश्न हमखास येतो तो कडकड आवाजाचा. तानपुऱ्यासारखा अखंड सूर असला की हे लगेच कळतं, बोलण्यात नाही कळत. "पी-डब्ल्यू-टॉप" चालवून ठेवा, त्यात एरर नावाच्या रकान्यात आकडा कडकड होताना वाढतोय का बघा. वाढत असेल तर बफर (आवाज ज्या तुकड्यांत पाठवला जातो तो तुकडा) लहान पडतोय. पाइपवायरचा डीफॉल्ट बफर १०२४ सॅम्पलचा, ४८००० च्या रेटला म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद. कुठलातरी प्रोग्रॅम येऊन २५६ मागतो, ५ मिलिसेकंदांच्या आसपास, आणि बॅटरीवर चाललेला लॅपटॉप तेवढ्यात काम उरकू शकत नाही. "पी-डब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक डॉट फोर्स-क्वांटम १०२४" केलं की सगळ्यांना १०२४ सक्तीचं, शेवटी १०२४ ऐवजी ० दिलं की सक्ती उठली. रीस्टार्टनंतर ती आपोआप जाते, म्हणून प्रयोगाला बरी, घरात काही मागे राहत नाही. आकडा वाढत नसेल आणि तरी कडकड असेल तर वायर, यूएसबी हब, किंवा माइकचा गेन बघा, सॉफ्टवेअरला दोष देऊ नका.

२१ मिलिसेकंदांनी गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमधे मागून आल्यासारखा वाटतो, मावशी दोन ओळींत थांबली होती. त्याला उपाय बफर कमी करणं नाही, बऱ्याच इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, ते दाबा, आवाज कॉम्प्युटरमधे न जाता सरळ हेडफोनला येतो, आणि ऑडॅसिटीतला सॉफ्टवेअर मॉनिटर बंद ठेवा नाहीतर दोनदा ऐकू येईल.

आर्डर वापरत असाल तर सुरुवातीच्या खिडकीत बॅकएंड विचारतो, आल्सा की जॅक. इथे लोक हमरीतुमरीवर येतात. गंमत अशी की जॅक लिहिणारा पॉल डेव्हिस हाच आर्डरचाही कर्ता, आणि आर्डरवाले नवीन माणसाला आल्साच सुचवतात. कारण सरळ आहे, कार्ड एकट्याच्या ताब्यात, मधे कोणी नाही, जबाबदारी स्पष्ट. पण आल्सा निवडलं की त्या कार्डावर ब्राउझर गप्प होणार, तो बग नाही, तो त्या निवडीचा अर्थच आहे. मल्टिट्रॅक काम आणि बाकी काही नको असेल तर आल्सा. माझ्यासारखा तानपुरा बाहेरून हवा असेल तर जॅक निवडा, पण खरा जॅक सर्व्हर चालू न करता, आर्डर "पी-डब्ल्यू-जॅक आर्डर" असा उघडा, मग तो पाइपवायरलाच जॅक समजतो. फेडोरावर पाइपवायरचं जॅक डीफॉल्टच असतं, तिथे पुढे काही लावायला लागत नाही, डेबियन-उबुंटूवर पाइपवायर-जॅक पॅकेज टाकून ही कमांड लावा. क्यू-जॅक-सी-टी-एल (जॅक चालू-बंद करायची खिडकी) उघडून स्टार्ट दाबायची जुनी सवय असेल तर ती सोडा, तो कार्ड मागून घेतो आणि पाइपवायर सभ्यपणे सोडून देतो, मग तुम्ही पुन्हा फ्यूजर चालवत बसणार.

ब्लूटूथ इअरफोनचा माइक चालू झाला की गाणं जुन्या टेलिफोनसारखं ऐकू येतं, हा यातला विषय नाही, ती ब्लूटूथच्या कॉल प्रोफाइलची मर्यादा आहे, लिनक्सचा दोष नाही, वायरचा माइक घ्या.

आणि एक सल्ला मिळालाच तर अजिबात पाळू नका: पाइपवायर काढून टाकून पल्स परत आणणं. पल्सला आवाजाचं काम द्यायचं तर देता येतं, पण पाइपवायर पॅकेज उपटलंत तर वेलँडवर (आजच्या डेस्कटॉपची स्क्रीन दाखवायची पद्धत) स्क्रीन शेअर बंद पडणार, कारण मीटिंगमधे स्क्रीन दाखवायचा व्हिडिओसुद्धा त्याच्यातूनच जातो. आवाज आला आणि सोमवारच्या मीटिंगमधे स्क्रीन काळी, असं झालेले लोक मला माहितीयत.

कुणाला मदत मागायची असेल तर एवढं आधीच देऊन टाका: डिस्ट्रो आणि तिची आवृत्ती, पाइपवायर आणि वायरप्लंबरची आवृत्ती, त्रास चालू असताना घेतलेली फ्यूजरची यादी, आणि नव्या युजरला चालतं का नाही. "माझा साउंड चालत नाही, काय करू" असं विचारलं की चार दिंड्या चार दिशांना नेणार, आणि प्रत्येक जण तुमच्या घरात एकेक फाइल ठेवून जाणार.

माझ्याकडे आता एवढंच शिल्लक आहे, की लॅपटॉप झोपवून उठवला की इंटरफेस कधीकधी फक्त आउटपुटवाल्या प्रोफाइलमधे येतो, माइक गायब. व्हॉल्यूम कंट्रोलच्या कॉन्फिगरेशन टॅबमधे प्रोफाइल प्रो ऑडिओ करून परत मागे आणलं की माइक येतो. कारण अजून सापडलेलं नाही. मावशीकडे असताना झाकण बंद करत नाही.